पप्पांची मास्तरीण

“पप्पा, आता तुम्ही एकटे किती जणांचं काम करता?” जेवताना मी विचारलंच! माझे पप्पा एकटेच कितीतरी जणांचं काम करतात, असं मी सांगितल्यावर “लई फेकतीस, विचारून दाखव,” अशी वर्गातल्या शिवलीलानं शाळेत सगळ्यांसमोर पैज लावली होती.

फेकत नव्हतेच मी! पप्पा कामाला होते त्या डाळ मिलमध्ये मालकानं खरेदी, गोदाम, बिलं, सगळं एकाच नव्या सॉफ्टवेअरवर नेलं, आणि ते पप्पांना व्हिडिओ बघून बघून मीच शिकवलं होतं.

पप्पांनी घास ताटात ठेवला. “तिघांचं. मालकानं आज बाकीच्या दोघांना कामावरून काढून घरी बसवलं. शिवलीलाचे पप्पा बी त्यात हायत.”

“ह्या दुष्काळात लातुरात दुसरं काम कुठलं मिळतंय त्यांना?” आई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मिलच्या धर्माबादच्या शाखेचं कामही नव्या सॉफ्टवेअरवर न्यायचं होतं, आणि त्याचा पुढचा भाग पप्पांना मीच शिकवायचा होता.



“आई, पप्पा, धर्माबादचं मी शिकवणार न्हाई.”