उतरवलेली पगडी

"पेटीचे गुण कोण ऐकतं? लोक गोष्टीला पैसे देतात," जाहिरातवाली तन्वी म्हणाली. "काका, एवढंच म्हणा, जड पेटी वाहून माझा खांदा निकामी झाला आणि कीर्तन सुटलं."

कीर्तनकार बुवा पगडी-उपरणं घालून कॅमेऱ्यासमोर उभे होते. शेजारी त्यांच्या मुलानं, श्रीरंगनं, बनवलेली बाजाची पेटी होती, घडी घालून पिशवीत मावणारी. तशा आणखी बनवायला तो इंटरनेटवर लोकांकडून वर्गणी मागत होता. पहिल्या व्हिडिओत त्यानं नुसते तिचे सूर ऐकवले होते. वर्गणी आलीच नाही आणि मुदत संपत आली.

"खांदा धडधाकट आहे माझा, पोरी. बोलावणी बंद झाली, म्हणून कीर्तन सुटलं."

"अहो, ते सांगितलंत तर पेटी कोण घेणार?"

बुवांनी मुलाकडे पाहिलं. नोकरी सोडून तो या पेटीमागे लागला होता. "बाबा, एकदाच," तो खालमानेनं म्हणाला.

पगडी चढवली की आपण नारदांच्या गादीवर. तिथून खोटं बोलायचं नाही, हे बुवांनीच त्याला लहानपणी शिकवलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी पगडी उतरवली, कपाळाला लावली आणि त्याच्या हाती दिली.

"हं. काय म्हणायचं होतं?"

"वा! असेच राहा," तन्वी खुलली. "उघड्या डोक्यानं जास्त बिचारे दिसता."

श्रीरंगनं एका हातानं पगडी छातीशी धरली आणि दुसऱ्या हातानं कॅमेरा सुरू केला.