हालवरचा फोन

ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी नवऱ्याचा, हालवरचा, फोन पडलेला दिसला आणि गुद्रुननं कपाळावर हात मारला.

रुळांपलीकडच्या शेडमधून जळण आणायला निघताना त्यानं याच फोनवरून रेल्वेच्या नियंत्रण कक्षाला सांगितलं होतं, ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन जातो, परत आलो की कळवतो. त्यांच्या शेतातल्या क्रॉसिंगला ना फाटक, ना माणूस. हिवाळ्यात तिथे रूळ आहेत हे फक्त दोन लाल काठ्यांवरून कळायचं. म्हणून रीतच अशी होती, की आधी विचारायचं, घरी परतल्यावर कळवायचं, आणि तो निरोप येईपर्यंत गाडी मागच्या स्टेशनात उभी राहायची.

हालवर विचारायला कधी चुकत नसे. कळवायला मात्र हमखास विसरे. गेल्या हिवाळ्यात गाडीभर माणसं ताटकळली होती आणि हा इथे बसून साच्यातले गरम गोड वाफल हाणत होता.

आज तरी त्यानं विसरायला नको होतं. गाडीत त्यांची सिन्नवे होती, महिन्याभराच्या लेकीला घेऊन पहिल्यांदाच माहेरी येत होती. जळणही तिच्याच खोलीसाठी हवं होतं.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"आई, गाडी कधीची उभीय. बाबांचंच काम ना हे?"

"फोन घरी टाकून गेलाय तुझा बाप."

"लोक बोटं मोडताहेत इथे. मी आपली खिडकीकडे तोंड करून बसलेय, मुलगी कुणाची ते कळायला नको. आणि हीटर बंद पडलाय गं. बाळाचे हात बर्फासारखे झालेत."

गुद्रुन खिडकीशी गेली. अंधारात, बर्फाच्या भुरभुरीत बाहेर काही दिसत नव्हतं. ट्रॅक्टरनं रस्त्यावरचा बर्फ काढणारा शेजारचा आयलर्टही आज सकाळपासून फिरकला नव्हता. कुठे उलथलाय कोण जाणे, असं ती मघापासून पुटपुटत होती.

मग ट्रॅक्टरचा आवाज आला. पिवळा उजेड खिडकीवरून सरकत गोठ्याकडे गेला. गुद्रुनचा जीव भांड्यात पडला. एरवी हालवरचा ट्रॅक्टर वाजला की त्यांचा कुत्रा बाम्से दाराशी उड्या मारायचा. आज त्यानं एक डोळा उघडला आणि पुन्हा पंजांवर तोंड टेकलं.

"तूही म्हातारा झालास रे," असं कुत्र्याला म्हणत तिनं नियंत्रण कक्षाचा नंबर लावला.

"मी गुद्रुन, हालवरची बायको. आला बाई एकदाचा. सोडा गाडी."

"नक्की ना काकू? नियमानं त्यांनीच सांगायला हवं."

"अगं, ट्रॅक्टर गोठ्यापाशी उभाय, मला ऐकू येतोय. तिकडे माझी नात गारठतेय."

पलीकडच्या मुलीनं बटणं दाबल्याचा आवाज आला. "बरं. सोडते मग."

गुद्रुननं वाफलचं पीठ कालवलं. बाळाची दुलई शेकोटीपाशी टांगली. हालवर आत आला की त्याची चांगली खरडपट्टी काढायची, असं ठरवून तिनं त्याचा कप मात्र आधी मांडला. तो अजून बाहेरच खुडबुड करत होता. ट्रॅक्टर तसाच धडधडत होता.

वळणापलीकडे शिट्टी झाली तशी ती खिडकीशी धावली. क्रॉसिंगवर साचलेला बर्फ फोडून गाडी निघते ते बघायला परकी माणसं कॅमेरे घेऊन थंडीत कुडकुडत उभी राहतात. तिला ते घरबसल्या दिसायचं, आणि इतक्या वर्षांत कंटाळा आला नव्हता.

आज शिट्टी लांबतच गेली. सिन्नवेनं ड्रायव्हरला सांगितलं असणार, असं वाटून गुद्रुननं हसून हात हलवला. मग गाडीच्या दिव्याच्या झोतात क्रॉसिंगवर बर्फाची पांढरी भिंत उठली, विजेच्या खांबांच्याही वर गेली. एवढी उंच तिनं कधी पाहिली नव्हती.

भिंत हळूहळू खाली बसली. गाडीचा आवाज थांबला होता. त्यांचा थांबा क्रॉसिंगला लागूनच होता. आता सिन्नवे उतरेल, म्हणून गुद्रुननं वाफलचा साचा तापायला ठेवला.

दार उघडलं. बूट आपटत आयलर्ट आत आला.

"वहिनी, ट्रॅक्टर ओढायची साखळी कुठे ठेवलीय? अख्खा गोठा पालथा घातला मी. हालवर ट्रॉलीसकट रुळांत रुतलाय, खाली शिरून बर्फ उकरतोय. मी म्हटलं, अरे गाडीची वेळ झाली, तर मलाच हसला. म्हणाला, सावकाश ये, माझा फोन गेल्याशिवाय गाडी सुटत नाही."