तळ्याकाठची ओल

पातेलं पाण्यावर तरंगत होतं. गोदू नव्हती.

पातेलं जर्मनचं, सहलीच्या पिठलंभाताचं. ते घासायला गोदू तळ्यावर आली होती आणि तिच्याबरोबर नलू असायला हवी होती. सकाळी सुपेगावात एस.टी.तून उतरल्या उतरल्या सत्यवतीबाईंनी मुलींच्या जोड्या लावून दिल्या होत्या. "फणसाडचं जंगल आहे हे. कुणीही जोडी सोडायची नाही." गोदूचा हात धरायला कुणी पुढे येईना, तेव्हा बाईंनी तिला नलूच्या गळ्यात बांधलं. आणि नलूने काय केलं? गोदूला एकटीलाच पातेल्यासकट तळ्यावर पिटाळलं, स्वतः नवाबाच्या शिकारीच्या वेळच्या मोडक्या मचाणावर चढली आणि "वाघ! वाघ!" ओरडून साऱ्या वर्गाची पळापळ उडवत बसली.

आता वाघ कुणाला आठवत नव्हता.

"मीठवाले! ए मीठवाले!" पोरी काठावरून ओरडू लागल्या. गोदू पेणकडच्या मिठागरातली, मुरूडला मामाकडे शिकायला आलेली. वर्गात आली त्या दिवसापासून तिचं नाव मीठवाली.

"तिला नाव नाही का गं?" बाई कडाडल्या.

मग सगळ्या "गोदू, गोदू" करू लागल्या. त्या तोंडांना ते नाव नवंच होतं.

नलूने परकराचा काचा मारला आणि उडी घेतली. ती एकदऱ्याच्या कोळीवाड्यातली. आपण चालायच्या आधी पोहायला शिकलो, असं ती विचारणाऱ्याला सांगे आणि न विचारणाऱ्यालाही सांगे. पण हे पाणी गोडं. समुद्रासारखं अंगाला वर उचलेना. ती पुन्हा पुन्हा तळाशी गेली. हाताला शेवाळ लागलं, कुजका पाला लागला, एक फांदी लागली, ती तिने गोदूचा हात समजून ओढली. गोदू काही लागली नाही.

ती धापा टाकत बाहेर आली. बाई मटकन खालीच बसल्या होत्या. सगळ्यांत मोठ्याने रडत होती केसर. गोदूशेजारी बसायला नको म्हणून जिने बाक बदलून घेतला होता, तीच. "गोदू, ये गं! माझी कंपासपेटी तुला देईन! खरंच देईन!"

आरडाओरडा ऐकून जवळच्या ठाकरवाडीतली म्हातारी भागुबाई हातात दोर घेऊन धावत आली. बाप्ये मागून येत होते.

नलूने तोंडावरचं पाणी निपटलं. खाडीत कुणी गेलं की तिचा बाप रडत बसत नसे. आधी तो पाण्याची ओढ बघे. ओहोटी कधी लागली, पाणी कुठल्या अंगाला खेचतंय, मग माणूस कुठं लागेल. नलूनेही तेच केलं.

"आजी, इथली ओहोटी कुठल्या अंगाला जाते?"

भागुबाई बघतच राहिली. "कसली ओहोटी?"

"अगं, पाणी उतरतंय ना! ते बघ, जांभळीखालचे दगड पार वरपर्यंत ओले हायेत. ओढ कुठं हाय तेवढं सांग, म्हंजे मी तिकडं बुडी मारते."

"येडी का काय पोरी? ह्यो दर्या हाय व्हय? रांजनात पानी असतं ना, तसं हे. जिथं हाय तिथं हाय. दिसात दोनदा चढाया-उतराया त्याला काय कामधंदा न्हाय?"

एवढ्या रडारडीतही कुणीतरी फिसकन हसलं. नलूचे कान तापले. पाण्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, हे तिनेच तर सगळ्यांना ऐकवलं होतं.

तिने पुन्हा त्या दगडांकडे पाहिलं. तळ्यावर आल्यापासून ती ओल तिच्या डोळ्यांपुढे होती आणि आल्यापासून डोळ्यांनी ती सोडून दिली होती. एकदऱ्याला किनाऱ्यावरचे खडक पाण्याच्या वर ओलेच असतात. समुद्र खाली गेला की मागे ओल ठेवून जातो. त्यात बघायचं काय?

पण हे पाणी खाली गेलंच नव्हतं. मग ओल वर कुणी नेली? नलू स्वतः पलीकडच्या बाजूने बाहेर आली होती. दुसरं कुणी पाण्यात उतरलंच नव्हतं.

ती कुणाला काही बोलली नाही. एकदा हसं झालं होतं तेवढं पुरे होतं. जांभळीच्या सावलीतले दगड ती चढत गेली. वर वर ओल पुसट होत गेली. एका दगडावर चिखलाचं पाऊल होतं, पाचही बोटांसकट. त्याच्यापुढे करवंदीची दाट जाळी.

जाळीमागे गोदू बसली होती.

गुडघे पोटाशी घेऊन, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. परकर पिळून पिळून चुरगळलेला, कोपर खरचटलेलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण भ्यालेली अशी ती दिसत नव्हती.

"पाय सरकला," ती हळूच म्हणाली. "कशीबशी वर आले नि परकर पिळायला इथं बसले."

"आणि ओ द्यायला काय झालं होतं तुला?" नलूच्या अंगाचा नुसता भडका उडाला. "आम्ही मेलो ना गं तिकडे! बाई बघ, केसर बघ, गळा काढून रडतायत सगळ्या!"

खालून केसरचा आवाज येतच होता. "गोदू गं, माझ्या बाकावर बस! खिडकीशी बस हवं तर! गोदू!"

नलूने खाली ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात गोदूने गार पडलेला हात तिच्या तोंडावर ठेवला.

"नले, थांब ना," ती म्हणाली. "जरा ऐकू दे."