साधे ओट्स

“हात परत धू. अंगठी काढून,” इंग्रिड म्हणाली.

डेलियाने अंगठी काढून खिडकीत ठेवली आणि नळ सोडला. पंचविशीची पोर. केस घट्ट बांधून, नवा स्वेटर घालून, ठरल्या वेळेच्या आधीच येऊन दारात उभी राहिली होती. परीक्षेला बसल्यासारखी.

इंग्रिडला तिचा राग यायला हवा होता. येत नव्हता. सकाळपासून तिला राग नाही की रडू नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात, मग गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं.

“आधी टेबल पुसायचं. लोणी जूनीचं वेगळं, सुरी वेगळी. गेल्या वेळी दोन दिवस तुझ्याकडे राहून आली ती पोट धरूनच आली.”

“टोस्टला लावलेली सुरी मी तिच्या लोण्यात घातली,” डेलिया म्हणाली. “तुमचा फोन आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.”

“गव्हाचा एक कण पुरतो तिचं पोट बिघडायला.”

“आता नाही विसरणार.”

मागच्या अंगणात पाच वर्षांची जूनी लायलच्या मागे मागे फिरत वाळकी पानं गोळा करत होती. तळ्यावरून येणारा वारा ती पुन्हा पसरवत होता आणि ती वाऱ्यालाच दटावत होती. लायल हसत नव्हता. एरवी हसला असता.

सकाळी कॉफी घेताना तो बायकोला म्हणाला होता, “आणखी एकदा पोर आजारी पडू दे, मग ह्या डेलियाचं काही खरं नाही. बालकल्याण ऑफिसवालेच तिला नको म्हणतील, पोर आपल्याकडेच राहील. तुला बोटसुद्धा उचलावं लागणार नाही.”

इंग्रिडने कप विसळला होता.

“लोणी आणि साखर चांगली फेस,” ती आता म्हणाली. “रंग फिका होईपर्यंत. मग अंडं, व्हॅनिला. ओट्सचं पीठ शेवटी.”

डेलिया फेसू लागली. दंड भरून आला तरी थांबली नाही. तिने पीठ मिसळलं, चॉकलेटचे तुकडे टाकले आणि लगेच ट्रे पुढे ओढला.

“थांब. घाई केलीस तर भट्टीत सगळ्या कुकीज पसरतील, एकच मोठी पोळी होईल. ओट्सच्या पिठाला ओल प्यायला वेळ लागतो. अर्धा तास फ्रिजमध्ये.”

“मागे मी केल्या त्या तशाच झाल्या होत्या!” डेलिया एकदम हसली. “जूनी म्हणाली, ह्यावर गाडी गेली का?”

इंग्रिडलाही हसू यायला हवं होतं.

वाट बघताना डेलियाने पिशवीतून एक मोठं पाकीट काढलं. “घरीही तयारी करून ठेवलीय मी. आज रात्री तिकडेही करीन म्हटलं, म्हणजे तिला परकं वाटणार नाही. हेच ना ओट्स?”

इंग्रिडने पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. साधे ओट्स होते. गव्हाच्या शेजारी पिकलेले, गव्हाच्याच गिरणीतून आलेले. गव्हातलं ग्लुटेन नसल्याची खूण कुठेच नव्हती.

“हेच” म्हटलं की झालं. दोन अक्षरं. त्यापलीकडे काही करायचं नव्हतं. रात्री पोर पोट धरून रडेल, सकाळी फोन येईल, आणि डेलिया पुन्हा ह्या दारात उभी राहणार नाही.

अंगणात जूनी किंचाळली. लायलने तिला पानांच्या ढिगात टाकलं होतं.

“हेच ना?” डेलियाने पुन्हा विचारलं.

“हे नकोत,” इंग्रिड म्हणाली. आवाज आपला नसून दुसऱ्याच कुणाचा, असं तिला वाटलं. “ओट्स नुसते ओट्स असून चालत नाही. त्यात गहू मिसळलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. पाकिटावर ही खूण बघायची, ह्या माझ्या पाकिटावर आहे ना, ही. नसली तर घ्यायचं नाही. माझं हे जाताना घेऊन जा. माझ्याकडे दोन आहेत.”

डेलिया खुर्चीत बसली. “मी आज रात्री हेच खायला घालणार होते तिला. तुम्ही बोलला नसतात तर?”

“बोलले ना.”

भट्टीतून कुकीज निघाल्या. कडा कडक झालेल्या, मध्ये अजून मऊ. डेलियाने एक उचलायला हात घातला तशी इंग्रिडने तिचं मनगट धरलं. “निवू दे. आत्ता उचललीस तर मोडेल.” धरलेलं मनगट तिने जरा उशिराच सोडलं.

फोन वाजला. ऑफिसातली पॉला होती.

“हो, इथेच आहे ती,” इंग्रिड म्हणाली. “नाही, तसं काही नाही. जमतंय तिला. मनापासून करते. नाही पॉला, माझी काही तक्रार नाही.” तिने फोन ठेवला. डेलिया पाठमोरी होऊन भांडी घासत होती, पण तिचे खांदे हलत होते.

लायल निरोप द्यायला आला नाही. तो गॅरेजमध्ये शिरला आणि आत कसलं तरी यंत्र सुरू झालं.

इंग्रिडने जूनीला डेलियाच्या गाडीत मागे बसवलं, पट्टा लावला आणि कुकीजचा डबा मांडीवर दिला. डबा कोमट होता. पुढे डेलिया दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती. मागे वळून बघायचा तिला धीर होत नव्हता.

“ममा,” जूनीने इंग्रिडच्या कानाशी हळूच विचारलं, “तिकडे गेल्यावर मी कुणाला ममा म्हणू?”

“तिलाच, राणी,” इंग्रिड म्हणाली. “तुझी आई ती आहे. सांभाळायला ठेवलेली मी होते.”