पाहुण्यांसाठी बर्फ

“कुणी काढलं प्लास्टिक?” मी बांधावरूनच ओरडले.

जावा बेटावरच्या या डोंगरात पहाटे दव गोठतं, म्हणून संध्याकाळी मी बटाट्याची एकूण एक सरी झाकून वर दगड ठेवले होते. आता पानं पांढरीशुभ्र, आणि शहरातले पाहुणे सऱ्यांमधे उभे राहून फोटो काढतायत.

“मी काढलं,” माझी लेक वेनिंग म्हणाली. “बर्फ बघायलाच येतात ते, आई. भाड्याच्या चारही खोल्या भरल्यात आपल्या.”

ऊन चढलं तशी पानं काळी पडली. पाहुण्यांना नाश्त्याला आमच्याच शेतातले बटाटे हवे होते.

मी काळा पाला ओरबाडून आणला आणि वेनिंगच्या हातातल्या ताटात आपटला. “हे वाढ त्यांना. आणि पुढच्या हंगामात बर्फच पेर!”