ओटकेकवरची बोटं

चौथा ओटकेकही तव्यावरच मोडला. अश्विनने गॅस बंद केला आणि तुकडे सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकले.

मिक्सरमध्ये दळलेले ओट्स, चिमूटभर मीठ, चमचाभर लोणी, गरम पाणी. एवढंच तर असतं त्या स्कॉटलंडच्या भाकरीत. ॲबर्डीनला नोकरीला असताना त्याची बायको मैत्री ती घरमालकिणीकडून शिकली होती. कामोठ्याला परत आल्यावरही रोज करायची. लाटायची, सुरीने चार भाग करायची, कडा वर वळेपर्यंत शेकायची. मैत्रीला जाऊन आठ महिने झाले होते आणि अश्विनला अजून एकही धड जमला नव्हता.

त्याची आई, बायजाबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आन इकडं. मी करते."

"तू त्या पिठाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. आठ महिने तो हेच म्हणत होता.

मग त्याने फ्रीझरमधून डबा काढला. मैत्रीच्या शेवटच्या खेपेतला एकच तुकडा त्यात उरला होता. त्यावर बोटांचे तीन ठसे होते. शेवटी शेवटी लाटायला जोर राहिला नसेल, म्हणून ती हाताने थापत असेल, असं अश्विनने मनाशी धरलं होतं. त्या ठशांत आपली बोटं ठेवून तो उभा राहायचा. गारवा हळूहळू मनगटापर्यंत चढायचा आणि मैत्रीने हात धरलाय असं वाटायचं. कधी मागे तिच्या बांगड्या वाजायच्या. तो वळायचा नाही. वळलं की ती जाईल, याची त्याला भीती वाटायची. खाण्यापिण्यावरून त्याचं मनच उडालं होतं. पॅन्ट कमरेवर ठरत नव्हती.

"तू अंकुशकडे जा," आज तो म्हणाला. अंकुश त्याचा धाकटा भाऊ, नांदेडला असायचा. "उद्याचंच तिकीट काढलंय. मला या घरात फक्त ती हवीय. तू असलीस की ती येत नाही."

बायजाबाईंनी पुढे होऊन परात ओढली. उरलेल्या पिठात कढत पाणी ओतलं, चांगलं रगडलं आणि थापायला घेतलं. अश्विन ओरडला. त्यांनी ऐकलं नाही. ज्वारीच्या भाकऱ्या थापण्यात आयुष्य गेलेली बाई ती. बघता बघता गोल उतरला, कुठे चीर म्हणून नाही. वर बोटं उमटली होती. तीनच. विळा लागल्यापासून त्यांची करंगळी आखडली होती, ती पिठाला टेकतच नसे.

अश्विनने परातीत बघितलं. मग हातातल्या तुकड्याकडे. मग पुन्हा परातीत. ज्या हातचं खाऊन तो वाढला, तो हात त्याला ओळखता आला नव्हता. तो तिथेच फरशीवर बसला.

"हा तू केलास?"

"ह्योच न्हाई. थंडी पडल्यापासूनचे समदे. तिला लाटनं उचलत नव्हतं. खुर्चीत बसून सांगायची आन मी थापायची. तू हापिसातून यायच्या आत."

"आणि मी रोज तिला म्हणायचो, तुझ्या हाताला काय चव आहे! ती नुसती हसायची. का फसवलं तिने मला?"

बायजाबाई त्याच्याजवळ खाली बसल्या. त्यांचे हात पिठाने भरले होते.

"म्हनली, आई, मी गेल्यावर अश्विन कुनाच्याच हातचं खानार न्हाई. मी हाय तवरच त्याला तुमच्या हाताची सवय लावू."