वात नसलेली मेणबत्ती

सोमवारपासून वरच्या खोलीतला भाडेकरू जेवायला खाली उतरला नव्हता. जिन्यावर ताट ठेवावं, तर हा निम्मं परत पाठवायचा. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने पोरासारखं रुसून बसावं, याची घरमालकीण थोरल्या बाईंना भयंकर चीड. गल्ली त्याला पाद्री म्हणायची. बाई नुसतं 'पाहुणे' म्हणत.

गुरुवारी त्यांनी त्याला कारखान्यात बोलावून समोर बसवलं. मेणबत्त्यांचा कारखाना बाईंचा, हुकूमही बाईंचाच. पलीकडे त्यांची विधवा लेक वाती कापत होती. पाहुणे आत आले तशी तिने मान खाली घातली.

"बिशपांचा कागद सोमवारी आला. सही का नाही झाली?"

वीस वर्षं अँग्लिकन पाद्री राहून हा माणूस गेल्या साली बाईंच्या कॅथलिक चर्चमध्ये आला होता. कागदावर लिहून द्यायचं होतं एवढंच, की माझी जुनी पाद्रीपदाची दीक्षा खरी नव्हती, मी आजवर साधाच माणूस होतो. पुढे नव्याने दीक्षा घ्यायची की नाही, हे त्याचं त्याने ठरवायचं.

"बाकी सगळं मानलं, मावशी. एवढं नाही मानवत. माझ्या डोक्यावर आमच्या बिशपांनी हात ठेवला, त्यांच्या डोक्यावर त्यांच्या बिशपांनी. असे हात थेट येशूच्या प्रेषितांपर्यंत पोचतात. ज्योतीवरून ज्योत लावत आलोय. विझली कुठे?"

बाई हसल्या. त्यांनी दुसरी इयत्ता पाहिली नव्हती. पण मेणबत्तीची उपमा देऊन त्यांना हरवायला निघालेला हा पहिलाच शहाणा.

"तुमच्या लोकांनी दीक्षेचे शब्द बदलले, मनातला हेतू बदलला. साचा तोच, मेण तेच, वात घालायची राहिली. मग लाख मेणबत्त्या ओता, एक तरी पेटेल का? तुमची दीक्षा फोल, हा निकाल पोपसाहेबांनी कधीच दिलाय."

"आमच्या आर्चबिशपांनी त्याला उत्तरही धाडलं होतं."

"उत्तर धाडल्याने वात उगवते होय?"

"आणि मी ज्यांची लग्नं लावली?"

"लग्न नवराबायकोच्या कबुलीने लागतं. तुम्ही नुसते साक्षीला."

"ज्यांना पुरलं?"

"ते काय उठून तक्रार करणार आहेत?"

लेकीला हसू फुटलं आणि तिने ते गिळलं. पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं, लगेच नजर वळवली.

"एकदा डोक्यावर हात पडला की माणूस बांधला गेला, मावशी. तुमच्या पाद्र्यांना जे नियम, ते मलाही. आणि मरणाऱ्यांच्या उशाशी रात्र रात्र बसलो, तेही खोटं?"

बाईंचा आवाज थोडा खाली आला. "बसलात ते खोटं नाही. पाद्री म्हणून बसलात, एवढंच खोटं."

"वीस वर्षं पुसली, तर मी उरतो कोण?"

"तेच लिहून द्या."

पाहुण्यांनी कागद पुढे ओढून पुन्हा वाचला. शेवटी त्यांनी पेन उचललं. सही करताना डोळे भरून आले. लेकीने कात्री खाली ठेवली.

बाईंनी कागद तिच्या हातात दिला. "वाच मोठ्याने."

तिने वाचला. 'साधाच माणूस होतो' इथे तिचा आवाज अडखळला. बाईंनी कागदाची घडी घालून कमरेला खोचली आणि पाहुण्यांकडे वळल्या.

"परवा माझ्या लेकीने तुम्हाला लग्नाचं विचारलं, तेव्हा पाद्र्याला लग्न करता येत नाही म्हणालात. साध्या माणसाला येतं."